लिहायला डिस्क मोकळी, पण लॉक दुसऱ्याकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विज्ञान पुरवणीत सुपरकॉम्प्युटरवर आलेला लेख वाचला, चांगला होता, पण एक गोष्ट खटकली म्हणून हे पत्र. लेखात सेकंदाला किती गणितं होतात, प्रोसेसर किती, वीज किती खातो, सगळे आकडे होते आणि स्टोरेजबद्दल मात्र एकच वाक्य, की इतके इतके पेटाबाइट जागा आहे. संपलं. अहो नुसती जागा सांगून काय कळतं, हजारो नोड (मशीनमधले एकेक कॉम्प्युटर) एकाच वेळी त्या जागेत लिहायला लागले की काय होतं ते खरं बघायचं. जो माणूस रोज अशा मशीनवर जॉब, म्हणजे आपला प्रोग्राम, टाकतो त्याला विचारा तुझा वेळ कुठे जातो, बऱ्याचदा तो सांगेल चेकपॉइंट (मध्येच बंद पडलं तर तिथून पुढे सुरू करता यावं म्हणून ठेवलेली नोंद) लिहिण्यात, आणि लगेच पुढे म्हणेल की डिस्क स्लो आहेत. हे दुसरं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी उलट प्रश्न टाकतो, तुझे सगळे रँक (जॉबमधल्या समांतर चालणाऱ्या प्रोसेस) एकाच फाइलमध्ये लिहितायत का? हो म्हणाला की डिस्कचा विषय बाजूला ठेवायचा आणि लॉक, म्हणजे फाइलचा भाग एका वेळी एकानेच वापरावा म्हणून लावलेली कुलपं, बघायला घ्यायचे.

माझं म्हणणं काय ते आधीच सांगून टाकतो. पॅरलल फाइल सिस्टीम एवढे लॉक लावते ते एक वचन पाळायला, की एकाने लिहिलेलं बाकीच्यांना लगेच दिसेल. ते वचन बहुतेक सायंटिफिक प्रोग्रामांनी कधी मागितलेलंच नसतं, तरी त्याची किंमत सगळे मोजतात आणि बिल मात्र डिस्कच्या नावावर फाटतं.

सगळ्याच वाचकांना हा प्रकार माहीत असेल असं नाही म्हणून थोडं मागे जातो. साध्या कॉम्प्युटरवर फाइल एका डिस्कवर असते. पॅरलल फाइल सिस्टीम तीच फाइल तुकडे करून बऱ्याच सर्व्हरवर पसरवते, याला स्ट्राइपिंग म्हणतात, पहिला तुकडा पहिल्या सर्व्हरवर, दुसरा दुसऱ्यावर, संपले की परत पहिल्यापासून. लस्टर या फाइल सिस्टीममध्ये हा तुकडा सांगितलं नाही तर १ एमबीचा असतो. लस्टर १९९९ मध्ये कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत पीटर ब्राम यांनी रिसर्च प्रोजेक्ट म्हणून सुरू केली, पहिलं व्हर्जन २००३ मध्ये आलं, मग सन, ओरॅकल, इंटेल अशा कंपन्यांच्या हातांतून फिरत फिरत २०१८ पासून डीडीएनकडे आहे, आणि इतके मालक बदलूनही मोठ्या मशीनवर आजही तीच जास्त दिसते. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबच्या फ्रंटियर मशीनची ओरायन नावाची जवळजवळ ७०० पेटाबाइटची फाइल सिस्टीम लस्टरच आहे. दुसरी मोठी म्हणजे आयबीएमची जीपीएफएस, १९९८ मध्ये बाजारात आली, तिचं मूळ टायगर शार्क नावाच्या व्हिडिओ स्ट्रीमिंगसाठीच्या फाइल सिस्टीममध्ये आहे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेची बीजीएफएस आहे. अजून आहेत, पण पत्र आहे, कॅटलॉग नाही.

तर कल्पना अशी की एक फाइल शंभर डिस्कवर पसरली तर शंभर डिस्कचा स्पीड मिळायला हवा. वाचताना तो मिळतोही. लिहितानाही मिळतो, जोपर्यंत लिहिणारे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत तोपर्यंत.

आता ते वचन. युनिक्सच्या जमान्यापासून पोझिक्स नावाचा एक नियमांचा संच आहे, त्यात साधारण असं म्हटलंय की एकाने राइट केलं आणि तो कॉल परत आला, की त्यानंतर कोणीही कुठूनही रीड केलं तर त्याला नवीनच डेटा दिसला पाहिजे, आणि दोघांनी एकाच जागी लिहिलं तर एकाचं किंवा दुसऱ्याचं पूर्ण दिसावं, अर्धं याचं अर्धं त्याचं अशी खिचडी नको. एका मशीनवर हे सोपं आहे कारण सगळ्यांची मेमरी एकच, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकच. पण दहा हजार नोड असतील आणि प्रत्येक नोड आपापल्या मेमरीत डेटा कॅश करून, म्हणजे तात्पुरता जवळ, ठेवत असेल (आणि ठेवावाच लागतो, नाहीतर प्रत्येक बाइटला नेटवर्कवर पळावं लागेल) तर एका नोडच्या कॅशमध्ये काय आहे हे दुसऱ्याला कळणार कसं? म्हणून लॉक. ज्याच्याकडे फाइलच्या त्या पट्ट्याचा राइट लॉक, त्यालाच तिथलं कॅशमध्ये ठेवून नंतर सावकाश लिहायची मुभा. दुसऱ्याला तिथे यायचं असेल तर आधी पहिल्याने कॅश रिकामी करायची, लॉक सोडायचा, मग दुसऱ्याने घ्यायचा.

लस्टरमध्ये हे काम एलडीएलएम नावाचा लॉक मॅनेजर करतो, डिझाइन १९८० च्या दशकातल्या व्हॅक्स क्लस्टरच्या लॉक मॅनेजरवरून घेतलेलं, आणि एक गोष्ट त्यांनी हुशारीची केली की सगळ्या लॉकसाठी एकच सर्व्हर न ठेवता ज्या सर्व्हरवर डेटा त्याच सर्व्हरवर त्या डेटाचे लॉक, म्हणजे स्टोरेज वाढलं की लॉक देणारेही वाढतात. जीपीएफएसमध्ये याला टोकन म्हणतात आणि टोकन मॅनेजर वेगळा असतो, पण एकदा टोकन हातात आलं की नोड पुन्हा पुन्हा विचारायला जात नाही. दोन्हीकडे एक समान युक्ती आहे, आणि मजा आणि सजा दोन्ही तिथेच आहे. पहिल्या नोडने समजा ५० केबी लिहायचंय म्हणून लॉक मागितला, तर सर्व्हर बघतो दुसरं कोणी आहे का, नाही, मग घे बाबा शून्यापासून फाइलच्या शेवटापर्यंत सगळाच लॉक. एकटा लिहिणारा असेल तर हे झकास, एकदा विचारलं की पुन्हा विचारायला नको. जीपीएफएसवर फ्रँक श्मुक आणि रॉजर हॅस्किन यांचा २००२ चा पेपर आहे त्यात हे छान समजावलंय, पहिला नोड सगळं घेतो, दुसरा मधूनच कुठूनतरी लिहायला आला की पहिला आपल्या टोकनचा पुढचा भाग सोडतो आणि दुसऱ्याला तिथून शेवटापर्यंत मिळतं. म्हणजे प्रत्येक नोड फाइलचा आपापला सलग भाग लिहीत असेल, पहिला नोड पहिला गिगाबाइट, दुसरा दुसरा, तर सुरुवातीला थोडी देवाणघेवाण होते आणि मग सगळे आपापल्या हद्दीत निवांत.

पण सायंटिफिक प्रोग्राम असे सुखाने सलग लिहीत नाहीत. तीन डायमेन्शनचा ग्रिड असतो, तो नोडांमध्ये वाटलेला असतो, आणि फाइलमध्ये तो एका ओळीत मांडायचा म्हटलं की एका नोडचा डेटा फाइलभर छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरतो. याचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. स्टोरेज सिस्टीमची आयओ५०० नावाची जागतिक यादी आहे, नोव्हेंबर २०१७ पासून निघते, तिच्यात आयओआर नावाच्या प्रोग्रामने दोन प्रकारे लिहून बघतात, एक सोपा आणि एक अवघड. सोप्यात ज्याला जसं सोयीचं तसं लिहा. अवघडमध्ये सगळ्या प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये, प्रत्येकी ४७,००८ बाइटचा तुकडा, एकानंतर एक असा गुंफून लिहायचा. आकडा मुद्दाम नडणारा आहे. मेमरीचं पान (मेमरी वाटायचा ठरलेला तुकडा) सहसा ४,०९६ बाइटचं असतं, ४७,००८ मध्ये ११ पानं पूर्ण बसतात आणि १,९५२ बाइट उरतात, म्हणजे बाराव्या पानात पहिल्या रँकचे १,९५२ बाइट आणि दुसऱ्या रँकचे सुरुवातीचे २,१४४ बाइट, एकाच पानात दोघं. लॉक पानाच्या हिशोबाने मिळतो. दोघांचा एक बाइटसुद्धा एकमेकांवर येत नाही, तरीही लॉकच्या दृष्टीने दोघं भांडतायत. आणि १ एमबीच्या एका स्ट्राइपमध्ये असे बावीस पूर्ण तुकडे आणि वर एक अर्धवट, म्हणजे एकाच सर्व्हरच्या एकाच ऑब्जेक्टवर (फाइलचा त्या सर्व्हरवरचा वाटा) वीस-बावीस रँक टपून बसलेले.

आता काय होतं बघा, रँक शून्य एका नोडवर आणि रँक एक दुसऱ्या नोडवर आहे असं धरा, कारण एकाच नोडवर असले तर त्यांचा लॉक सामाईक असतो आणि भानगड होत नाही. रँक शून्यने लॉक मागितला, सर्व्हरने उदार होऊन शेवटापर्यंतचा देऊन टाकला. रँक एक आला. सर्व्हर रँक शून्यच्या नोडला निरोप पाठवतो, तुझा लॉक कोणाच्यातरी आड येतोय, सोड. तो नोड आपल्या कॅशमधला डेटा सर्व्हरकडे ढकलतो, लॉक रद्द करतो, सर्व्हर रँक एकला देतो, तोही जमेल तेवढा मोठा करून. तेवढ्यात रँक शून्यचा पुढचा तुकडा आला, त्याला परत लॉक हवा, परत निरोप, परत ढकला, परत रद्द. समजा अशा एका देवाणघेवाणीला १ मिलीसेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला १,००० वेळा, प्रत्येक वेळी ४७ केबी, झाले ४७ एमबी सेकंदाला. या ऑब्जेक्टच्या मागे एक हार्डडिस्क असो की एनव्हीएमईचा (वेगवान फ्लॅश डिस्कचा) ढीग असो, ४७ एमबीच्या वर काही जाणार नाही कारण वेळ लिहिण्यात जातच नाहीये. फाइल शंभर ऑब्जेक्टवर पसरवली आणि सगळीकडे असाच गोंधळ समांतर चालला तरी जेमतेम ४.७ जीबी. ज्या सिस्टीमवर सोप्या पद्धतीने सेकंदाला शेकडो जीबी जातायत तिथे हा आकडा बघून माणूस डिस्कवाल्याला फोन करतो.

आणि फोन केल्यावर काय होतं तेही मी बघितलंय, नाव घेत नाही, एका ठिकाणी याच रडगाण्यावर जुन्या डिस्क काढून फ्लॅश बसवला, खर्च केला, आणि त्यांचा तोच जॉब नव्या सिस्टीमवर जवळजवळ तेवढाच वेळ घ्यायला लागला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अमेरिकेतल्या आर्गोन लॅबचं डार्शन नावाचं टूल आहे, फुकट आहे, जॉबने किती फाइल शेअर केल्या, किती राइट स्ट्राइपच्या हद्दीवर बसले नाहीत हे ते जॉब संपल्यावर रिपोर्टमध्ये देतं, तो रिपोर्ट तिथे आधीपासून पडून होता आणि कोणी उघडला नव्हता. सर्व्हरवर लॉकचे आकडेही दिसतात, किती लॉक धरलेत, किती रद्द झाले. हे आकडे बघायला पैसे पडत नाहीत म्हणूनच बहुतेक कोणी बघत नसावं.

लॉकचा दुसरा त्रास स्पीडचा नाही, तो जास्त वाईट आहे. सर्व्हरने निरोप पाठवला की लॉक सोड आणि तो नोड उत्तरच देत नाहीये, लटकलाय, त्याची मेमरी संपलीय, नेटवर्क कार्ड आजारी आहे, काहीही. बाकीचे सगळे त्या एका लॉकसाठी खोळंबून. किती वेळ थांबायचं? लस्टर ठरावीक वेळ थांबते आणि मग त्या नोडला सरळ हाकलून देते, याला इव्हिक्शन म्हणतात. त्याच्या कॅशमध्ये जो न लिहिलेला डेटा होता तो गेला, आणि त्याच्यावरच्या प्रोग्रामला इनपुट-आउटपुट एरर येऊन तो पडला. युजरच्या दृष्टीने काय झालं, तर डिस्क भरलेली नाही, सर्व्हर चालू आहेत, आपल्या वाट्याची जागा (कोटा) शिल्लक आहे, आणि आपला बारा तासांचा जॉब अकराव्या तासाला मेला. सर्व्हरच्या लॉगमध्ये बघितलं तर एक ओळ असते, लॉक कॉलबॅक टायमर संपला, अमुक क्लायंटला (म्हणजे नोडला) इव्हिक्ट केलं. या ओळीचा अर्थ ज्याला लागतो तो अर्ध्या तासात सुटतो, बाकीचे आठवडाभर केबल बदलत बसतात.

अजून एक किस्सा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चालू जॉबच्या फोल्डरमध्ये जाऊन कोणीतरी फाइलींची यादी आणि साइज दाखवणारी कमांड, एलएस आणि पुढे डॅश एल, मारतो, काय प्रगती झाली बघू म्हणून, आणि टर्मिनल गोठतं. कारण साइज. फाइल किती मोठी झाली हे मेटाडेटा सर्व्हरला (फाइलींची नावं आणि माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरला) पक्कं माहीत नसतं, ते डेटाच्या सर्व्हरना विचारावं लागतं, आणि त्यांनाही माहीत नसतं कारण खरी लेटेस्ट साइज ज्या नोडने राइट लॉक धरलाय त्याच्या मेमरीत आहे. म्हणून सर्व्हर त्या नोडला विचारतो, लॉक सोडू नको पण साइज तेवढी सांग, याला ग्लिम्प्स म्हणतात. हजार फाइल असतील, प्रत्येक फाइल अनेक सर्व्हरवर पसरलेली असेल, तर एक साधा एलएस किती जणांची झोपमोड करतो विचार करा. बरं त्या युजरला अचूक साइज नकोच होती, अंदाजे चालली असती. लस्टरने २.१२ व्हर्जनमध्ये अशी अंदाजे साइज मेटाडेटा सर्व्हरवर ठेवायची सोय आणली, पण एलएस ती वापरत नाही, त्याला पोझिक्सप्रमाणे खरंच पाहिजे.

मग उपाय काय, तर पहिला सगळ्यांना सुचतो तो, प्रत्येक प्रोसेसने आपली वेगळी फाइल लिहा. लॉकचं भांडणच मिटलं. खरंय, आणि हजार-दोन हजार प्रोसेसपर्यंत मी स्वतः हेच सुचवतो. पण एक लाख प्रोसेस असल्या की एकाच फोल्डरमध्ये एकाच क्षणी एक लाख फाइल तयार करायच्या, आणि फोल्डर हीसुद्धा एक शेअर्ड वस्तूच आहे, तिच्यावरही लॉक. आगीतून फुफाट्यात. लस्टरने २०१२ मध्ये २.२ व्हर्जनला एकाच फोल्डरमध्ये समांतर कामं चालावीत म्हणून फोल्डरच्या आतल्या भागांवर वेगवेगळे लॉक आणले, नंतर २.८ मध्ये एक फोल्डरच अनेक मेटाडेटा सर्व्हरवर पसरवता येऊ लागला, त्यामुळे परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच बरी आहे. तरी पुढचा प्रश्न उरतोच, की त्या लाख फाइल नंतर वाचणार कोण, आणि वाचताना नोडांची संख्या वेगळी असेल तर? ज्याने ही फाइलची पोती कधी बॅकअपला टाकली असतील त्याला विचारा.

जरा डोकं लावून केलेला उपाय म्हणजे कलेक्टिव्ह राइट. एमपीआय म्हणजे रँकनी एकमेकांशी बोलायचं स्टँडर्ड, त्याच्या १९९७ च्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये फाइल लिहिण्याचा भाग आला, आणि आर्गोन लॅबच्या रोमिओ या लायब्ररीने तो सगळीकडे पोचवला. यात सगळे रँक आधी आपापसात डेटाची अदलाबदल करतात, ठरावीक रँक ॲग्रिगेटर म्हणून निवडतात, त्यांच्याकडे फाइलच्या सलग पट्ट्याचा सगळा डेटा गोळा होतो, आणि फक्त तेच फाइल सिस्टीमशी बोलतात. लिहिणारे कमी, प्रत्येकाची हद्द ठरलेली, तुकडे मोठे. मेख एवढीच की पट्ट्याची हद्द स्ट्राइपच्या हद्दीवर बसली पाहिजे. नुसती फाइलची लांबी भागिले ॲग्रिगेटर असं केलं तर हद्द स्ट्राइपच्या मधोमध पडते आणि दोन ॲग्रिगेटर पुन्हा त्याच लॉकवर झुंजतात. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००८ मध्येच दाखवून दिलंय की पट्टे कसे पाडायचे हे खालच्या फाइल सिस्टीमचा लॉक कसा चालतो ते बघून ठरवलं तर फरक पडतो, जीपीएफएसला एक पद्धत मानवते, लस्टरला दुसरी, लस्टरमध्ये एका सर्व्हरचे सगळे स्ट्राइप एकाच ॲग्रिगेटरकडे येतील असं वाटप केलं की लॉकची हाणामारी जवळजवळ थांबते. इतकी जुनी गोष्ट, तरी आजही स्ट्राइप काउंट १ वर, म्हणजे अख्खी फाइल एकाच सर्व्हरवर, ठेवून हजार रँकचा जॉब टाकणारे भेटतात, तो बदलायला सेटस्ट्राइप ही कमांड असते हेच कोणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकेतल्या लॉस अलामोस लॅबच्या लोकांनी २००९ मध्ये वेगळीच शक्कल लढवली, पीएलएफएस. युजरला वाटतं सगळे एका फाइलमध्ये लिहितायत, पण मधला थर प्रत्येक प्रोसेसचं लिखाण गुपचूप वेगळ्या लॉगमध्ये टाकतो आणि कुठला तुकडा कुठे याचा इंडेक्स ठेवतो. त्यांच्या पेपरप्रमाणे काही खऱ्या ॲप्लिकेशनचा चेकपॉइंटचा वेळ दसपटीने कमी झाला. डिस्क त्याच, नेटवर्क तेच. लस्टरमध्ये आता लॉकअहेड म्हणून सोय आहे, क्रे या कंपनीने लिहिलेली, प्रोग्रामला आधीच सांगता येतं की मला पुढे अमुक अमुक पट्टे लागणार आहेत, तेवढेच लॉक दे, उगाच शेवटापर्यंतचा देऊ नकोस. म्हणजे सर्व्हरच्या त्या उदारपणाला लगाम.

आणि मग काही जणांनी सरळ लॉकच काढून टाकले. क्लेमसन युनिव्हर्सिटीत सुरू झालेली पीव्हीएफएस, हिची पुढची पिढी ऑरेंजएफएस म्हणून २०१६ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे, तिथे मुळात क्लायंटवर डेटा कॅश नव्हती, लॉक नाही, दोघांच्या जागा एकमेकांवर येत नसतील तर सगळं नीट होईल, येत असतील तर तुमचं तुम्ही बघा. ऐकायला बेजबाबदार वाटतं पण जरा विचार केला तर यात काय चुकीचं आहे? चेकपॉइंट लिहिणाऱ्या प्रोग्रामला ठाऊकच असतं की कोण कुठे लिहिणार, ते त्याच्याच कोडमध्ये ठरलंय. दोन रँकनी एकाच जागी लिहिलं तर तो प्रोग्रामचा बग आहे, फाइल सिस्टीमने लॉक लावून तो बग सुधारणार थोडाच आहे, चुकीचा डेटा नीटनेटका लिहील एवढंच.

हे माझं एकट्याचं मत असतं तर पत्र लिहिलं नसतं. २०२१ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटी आणि लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या संशोधकांनी १७ एचपीसी (सुपरकॉम्प्युटरवर चालणारी) ॲप्लिकेशन घेऊन ती फाइलमध्ये नेमकं काय करतात हे ट्रेस करून बघितलं, आणि १७ पैकी १६ ॲप्लिकेशन पोझिक्सपेक्षा ढिले नियम असलेल्या फाइल सिस्टीमवर चालू शकतात असं निघालं. ढिले म्हणजे फाइल बंद केल्यावर किंवा मुद्दाम कमिट सांगितल्यावर दुसऱ्याला दिसलं तरी पुरे, तत्क्षणी दिसायला नको. एमपीआयच्या फाइल भागाचा नियम पहिल्यापासून असाच ढिला आहे, पाहिजे त्याने ॲटॉमिक मोड (कडक नियमांचा) चालू करावा आणि त्याचा खर्च सोसावा, बाकीच्यांनी सिंक करावं. मला हा न्याय पटतो, ज्याला वचन पाहिजे त्याने मागावं.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर तुमचे वाचक मला लॉकचा शत्रू समजतील. काही कामांना पक्का लॉक लागतोच. एक जॉब लिहितोय आणि दुसरा जॉब तीच फाइल चालू असतानाच वाचतोय, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, तिथे ढिले नियम म्हणजे अर्धवट डेटा वाचून पुढचं सगळं चुकणार, आणि एरर येणार नाही हे त्याहून वाईट. डेटाबेसची फाइल शेअर्ड स्टोरेजवर ठेवणारे आहेत, एसक्यूलाइट या डेटाबेसवाले स्वतःच सांगतात की नेटवर्कवरच्या फाइल सिस्टीमचे लॉक नेहमी भरवशाचे नसतात आणि त्यांचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहायचा) तर नेटवर्कवर चालतच नाही कारण त्याला एकाच मशीनची शेअर्ड मेमरी लागते, तरी लोक ठेवतात आणि मग करप्ट झाली म्हणून ओरडतात. सायंटिफिक डेटा फाइलमध्ये ठेवणाऱ्या एचडीएफ५ या लायब्ररीने १.१० व्हर्जनपासून फाइल उघडताना स्वतःहून लॉक घ्यायला सुरुवात केली, चांगल्या हेतूने, पण ज्या ठिकाणी फाइल सिस्टीम नोडला जोडताना (माउंट करताना) तसला लॉक बंद ठेवलाय तिथे फाइल उघडेचना, आणि मग एकाने दुसऱ्याला सांगितलं की एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून द्यायची सेटिंग) टाक, लॉकिंग फॉल्स कर, काम होतं. होतं खरं. पण ती ओळ आता लोकांच्या स्क्रिप्टमध्ये कायमची चिकटलीय आणि खरोखर दोघं एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर त्यांना अडवणारं कोणी उरलेलं नाही.

नवीन पद्धतीत इंटेलने सुरू केलेली डाओस नावाची स्टोरेज सिस्टीम आहे, आर्गोनच्या ऑरोरा मशीनवर चालते. तिथे क्लायंटला लॉक वाटत बसण्याऐवजी प्रत्येक राइटला एक काळाचा शिक्का मिळतो आणि जुनं पुसण्याऐवजी नवीन व्हर्जन शेजारी राहतं, वाचणारा कुठल्या क्षणाचं वाचतोय त्यावर त्याला काय दिसणार ते ठरतं. डेटाबेसवाल्यांकडे ही कल्पना कैक वर्षं आहे. त्यामुळे छोट्या, गुंफलेल्या, हद्दीवर न बसणाऱ्या राइटचं तिला वावडं नाही, आणि आयओ५०० मध्ये ती वर दिसते त्यात याचा वाटा आहे असं मला वाटतं. ती मुळात ऑप्टेन ही इंटेलची वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी धरून रचलेली होती आणि २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं, मग नेहमीच्या मेमरी आणि एनव्हीएमईवर चालावी म्हणून बदल करावे लागले, म्हणजे तिथेही सुखासुखी काही नाही. शिवाय जुने प्रोग्राम तिच्यावर चालवायचे तर पोझिक्सचा थर मध्ये घालावाच लागतो.

एआयचं ट्रेनिंग करणाऱ्यांनी तर प्रश्न उलटाच करून टाकलाय. तिथे लिहिणं कमी, वाचणं प्रचंड, लाखो छोट्या फाइल, प्रत्येक उघडायची, दोन-चार केबी वाचायचं, बंद करायची. वाचणाऱ्यांचे लॉक एकमेकांना आड येत नाहीत, पण उघडा-बंद करायला मेटाडेटा सर्व्हरला जावंच लागतं आणि तो घामाघूम. फाइल एकत्र बांधून मोठे गठ्ठे केले की निम्मं दुखणं जातं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा मशीनवर लेख छापाल तेव्हा पेटाबाइटच्या जोडीला आयओ५०० मधले त्या सिस्टीमचे दोन आकडे द्या, सोप्या राइटचा आणि अवघड राइटचा, शेजारी शेजारी. यादीचा एकूण स्कोअर देऊ नका, तो सगळ्या चाचण्यांचा गुणोत्तरी मध्य असतो आणि त्यात नेमकी ही दरी बुजून जाते. यादी सगळ्यांना खुली आहे आणि दोन आकड्यांना तुमच्या कॉलममध्ये एका ओळीहून जास्त जागा लागणार नाही.

आपला,
स्टोरेज सांभाळणारा एक वाचक